परतीची बोट हुकली आणि बारा हजार गळे मिळाले: व्हिला-लोबोसचं १९३०-३१

जून १९३० मध्ये ब्राझीलचा संगीतकार एइतोर व्हिला-लोबोस पॅरिसहून निघून ब्राझीलच्या रेसिफे बंदरात उतरला तेव्हा बेत एकदम साधा होता. थोडे कॉन्सर्ट करायचे, चार पैसे गाठीला बांधायचे आणि परत पॅरिस. पैसे काही जमले नाहीत, पॅरिस राहिलं ते राहिलंच, आणि जेमतेम अकरा महिन्यांनी, मे १९३१ मध्ये, हाच माणूस साओ पावलोत मोकळ्या मैदानात उभा राहून सुमारे १२,००० लोकांकडून एकत्र गाऊन घेत होता. मधल्या काळात देशात सत्ता उलथली, कॉफीचं मार्केट झोपलं, त्याचा आधीचा सरकारी आश्रयदाता पळाला आणि नवा मिळाला, आणि ह्याच सगळ्या गडबडीत त्याने ते संगीत लिहायला घेतलं ज्यामुळे आज जगभर त्याचं नाव माहीत आहे. म्हणून कॅलेंडरचं वर्ष सोडून हे जून ते मे असं वर्ष घेतलंय, गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच वळते.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म ५ मार्च १८८७, रिओचा. वडील राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरीला, त्यांनीच पोराच्या हातात चेलो दिला, तोही मोठा पेलवेना म्हणून व्हिओला उभा धरायची सोय करून. वडील १८९९ मध्ये गेले आणि पुढे पोरगा कॅफेत, सिनेमा थिएटरात चेलो वाजवून पोट भरायला लागला, आणि रात्री गिटार घेऊन शोरो वाजवणाऱ्या मंडळींत. शोरो म्हणजे रिओच्या गल्ल्यांतलं वाद्यसंगीत, बासरी, गिटार आणि छोटी चार तारांची कावाकिन्यो, घरचे लोक ज्याला उनाडपणा म्हणायचे ते. कॉन्झर्व्हेटरीचं पद्धतशीर शिक्षण फारसं पचलंच नाही त्याला. १९२२ च्या फेब्रुवारीत साओ पावलोत जो गाजलेला आधुनिक कला सप्ताह झाला त्यात तो एका पायात चप्पल घालून आला, कारण पाय दुखत होता, आणि पब्लिकला वाटलं की ही काहीतरी नवीन कलेची भूमिका आहे, मग हुर्यो. हा किस्सा सगळे सांगतात, पण मला त्यात एवढंच महत्त्वाचं वाटतं की ह्या माणसाबद्दल लोक पहिल्यापासूनच गैरसमज करून घ्यायला तयार होते आणि त्यालाही ते गैरसमज दूर करण्यात काडीचा इंटरेस्ट नव्हता, उलट स्वतःच भर घालायचा.

पॅरिसला तो दोनदा गेला, १९२३ मध्ये आणि मग १९२७ मध्ये. दुसऱ्या वेळी पैसा गिनले घराण्याचा. हे म्हणजे सान्तोस बंदराच्या गोदीचे मालक, आणि सान्तोस म्हणजे ब्राझीलची कॉफी जिथून जहाजात चढते ते बंदर. पियानिस्ट आर्थर रुबिनस्टाइनने त्या घरातल्या कार्लोस गिनलेला पटवलं होतं की हा माणूस खर्च करण्याच्या लायकीचा आहे. १९२७ च्या शेवटाला साल गावो हॉलमध्ये त्याचे दोन मोठे कॉन्सर्ट झाले, त्यात 'शोरोस नं. १०' वाजलं, मोठा ऑर्केस्ट्रा आणि वर कोरस, आणि पॅरिस हललं. जंगलातून कोणीतरी ऑर्केस्ट्रा घेऊन आलंय असं तिथल्या लोकांना वाटलं आणि त्यानेही आपण आदिवासींमध्ये काय काय पाहिलं त्याच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगितल्या. मॅक्स एशिग नावाचा प्रकाशक मिळाला होता. म्हणजे चाळिशीत माणूस सेट झाला असं वाटावं.

पण ह्या सगळ्याच्या मुळाशी होती कॉफी. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचं शेअर मार्केट कोसळलं आणि त्यापाठोपाठ कॉफीचा भाव. भाव एवढा पडला की १९३१ पासून ब्राझील सरकारने कॉफी विकत घेऊन चक्क जाळायला सुरुवात केली आणि १९४४ पर्यंत ७ कोटी ८० लाख पोती जाळली. ज्या देशात कॉफी जळत असते तिथे संगीतकाराला पॅरिसला ठेवायचे पैसे कोण देणार! हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय कारण बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं की मातृभूमीची हाक ऐकून तो परत आला वगैरे. हाक बिक काही नाही, खिसा रिकामा होता.

तर रेसिफे. सोबत बेल्जियन व्हायोलिनिस्ट मोरिस रास्किन आणि पियानिस्ट सोझा लिमा. तिथे कार्यक्रम करून मंडळी दक्षिणेकडे साओ पावलोला आली, आणि तिथे त्याला सिंफनी सोसायटीचा ऑर्केस्ट्रा हाताशी मिळाला, एक अख्खी कॉन्सर्ट मालिका त्याने कंडक्ट केली. इथे एक स्पष्ट सांगायला हवं, तो काही जन्मजात कंडक्टर नव्हता. स्वतःचं संगीत उभं करायला दुसरं कोणी नसतं म्हणून काठी हातात घेतलेले जे संगीतकार असतात त्यातला. साओ पावलोत मारियो दि आंद्रादे नावाचा टीकाकार बसलेला होता, स्वतः कवी, संगीताचा पक्का जाणकार, व्हिला-लोबोसचा जुना समर्थक, आणि तरीही लिहिताना हात राखून न लिहिणारा. पब्लिकला नवीन संगीत नको होतं, पैसे येत नव्हते, आणि परतीच्या तिकिटाचा विषय दर महिन्याला पुढे.

ह्याच काळात त्याने साओ पावलोतल्या शाळा पाहिल्या आणि तिथलं संगीत शिक्षण बघून, त्याच्याच म्हणण्यानुसार, तो हादरला. मग एक प्रपोजल तयार केलं, राज्य सरकारने शाळांत सामूहिक गायन सुरू करावं, संगीताचा प्रसार सरकारी पातळीवर व्हावा. हे प्रपोजल त्याने नेलं झूलियो प्रेस्तेसकडे. प्रेस्तेस कोण, तर साओ पावलो राज्याचा प्रमुख, आणि १ मार्च १९३० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला, फक्त शपथ बाकी. म्हणजे देशातला सगळ्यात योग्य माणूस पकडला होता. प्रेस्तेसने होकारही दिला.

आणि ३ ऑक्टोबर १९३० ला दक्षिणेत पोर्तो आलेग्रेहून उठाव सुरू झाला. २४ ऑक्टोबरला जुन्या राष्ट्राध्यक्षाला लष्कराने खाली उतरवलं, ३ नोव्हेंबरला उठावाचा नेता झेतुलियो वार्गास सत्तेवर, आणि प्रेस्तेसने शपथ कधी घेतलीच नाही, तो देशाबाहेर गेला. व्हिला-लोबोसचा होकार हवेत विरला.

ह्या प्रकरणाचा सांधा माझ्या मते इथे आहे आणि लोक नेमके इथूनच पटकन पुढे जातात. त्याच्याबद्दल दोन पाठ झालेल्या गोष्टी आहेत. एक, त्याने राष्ट्राची सेवा केली, लाखो पोरांना गायला शिकवलं. दुसरी, तो हुकूमशहाच्या वळचणीला गेला, वार्गासचा बँडमास्टर झाला. दुसरी गोष्ट सांगणारे सुरुवात करतात १९३७ पासून, जेव्हा वार्गासने खरोखर हुकूमशाही आणली, आणि मग मागे बघत बघत १९३० लाही तोच रंग फासतात. पण १९३० चा कागद बघितला तर काय दिसतं, की एकच योजना त्याने आधी ह्या बाजूच्या माणसाला दिली आणि बाजू हरल्यावर पलीकडच्या माणसाला दिली, मजकूर तोच, फक्त वरचं नाव बदललं. ह्याला विचारसरणी म्हणता येत नाही. ह्याला आपल्याकडे राजाश्रय शोधणं म्हणतात, आणि दरबार बदलला की गवयाने नव्या दरबारात जायचं ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही. म्हणजे तो निर्दोष ठरतो असं नाही. उलट मला तर हे जास्त खटकतं, श्रद्धेने चुकलेला माणूस निदान समजतो तरी.

नवा माणूस होता झुवांव आल्बेर्तु लिन्स दि बारुस. वार्गासने साओ पावलोवर नेमलेला प्रशासक, वय ३३ च्या आसपास, लष्करी लेफ्टनंट, विसाच्या दशकात प्रेस्तेस कॉलम ह्या बंडखोर सैनिकांच्या तुकडीतून (हा प्रेस्तेस वेगळा, लुईस कार्लोस, बंडखोर, पुढे कम्युनिस्ट) देशभर हजारो किलोमीटर वणवण केलेला, आणि मूळचा पेर्नाम्बुकोचा. म्हणजे साओ पावलोवाल्यांच्या दृष्टीने उपराच, आणि तिथले लोक आधीच चिडलेले कारण निवडून आलेला आपला माणूस घालवून वर हा बाहेरचा पोरगा आणून बसवलाय. पण झुवांव आल्बेर्तुला संगीताची आवड होती. त्याने व्हिला-लोबोसला बोलावलं, योजना ऐकली आणि म्हणाला ठीक आहे, आधी राज्यभर फिरा.

मग १९३१ च्या सुरुवातीला निघाला तो प्रसिद्ध दौरा. साओ पावलो राज्यातली पन्नासच्या वर गावं, प्रवास रेल्वेने, तीच रेल्वे जी कॉफीचे मळे बंदराला जोडायला टाकलेली होती. सोबत बायको लुसिलिया पियानोवर, सोझा लिमा पियानोवर, गायिका नाइर दुआर्ते नुनेस, काही गावांत गिओमार नोवाइस आणि आंतोनिएता रुजी ह्या नावाजलेल्या पियानिस्ट बाया, आणि व्हिला-लोबोस स्वतः चेलोवर. पियानो गावात मिळेल ह्याचा भरवसा नाही म्हणून पियानोही बरोबर, आणि पियानो बरोबर म्हणून तो लावणारा माणूसही बरोबर. ज्याने कधी तंबोरे, तबले घेऊन एसटीने प्रवास केलाय त्याने फक्त कल्पना करावी, दर एक-दोन दिवसांनी पियानो डब्यातून उतरवायचा, गाडीवर चढवायचा, थिएटरात न्यायचा, उन्हापावसाने उतरलेल्या तारा परत सुरात आणायच्या, वाजवायचं, आणि रात्रीत पुन्हा स्टेशनवर. संगीताच्या इतिहासात ह्या पियानो लावणाऱ्यांबद्दल कोणी काही लिहीत नाही पण त्या दौऱ्याचा निम्मा भार त्या माणसावर असणार.

लुसिलियाबद्दलही थोडं. लग्न १९१३ चं. ती शिकलेली पियानिस्ट होती, हा नव्हता, आणि त्याची सुरुवातीची पियानोची कामं तिच्या बोटांनी जन्माला आली असं म्हटलं तर फार चुकत नाही. दौऱ्यात वाजवणं तिचं, पुढे कोरसच्या कामातही ती होती. १९३६ मध्ये त्याने युरोपातून पत्र पाठवून संसार संपवला. पत्र! असो, तो विषय ह्या वर्षाचा नाही.

गावागावांत काय व्हायचं, तर आधी वाजवायचे आणि मध्ये व्हिला-लोबोस भाषण द्यायचा. आणि भाषणात तोंडाला लगाम नाही. एक किस्सा सांगतात की एका गावात तो फुटबॉलवर घसरला, ह्या खेळाने माणसाची बुद्धी डोक्यातून पायात उतरवलीय अशा अर्थाचं काहीतरी बोलला, आणि ब्राझीलमध्ये, १९३१ मध्ये, हे बोलल्यावर जे व्हायचं ते झालं, लोक भडकले आणि पुढच्या कार्यक्रमावर संकट आलं. किस्से त्याच्याभोवती वाढतच जातात त्यामुळे किती खरं किती रंगवलेलं ते सोडून द्या, पण गंमत पुढे आहे. १९४० मध्ये त्याने आपला सगळ्यात मोठा कोरस उभा केला, ४०,००० मुलं आणि १,००० वादक, तो कुठे, तर रिओच्या वास्को द गामा क्लबच्या स्टेडियममध्ये, म्हणजे फुटबॉलच्याच मैदानात.

आता ह्या वर्षाचं दुसरं टोक, मे १९३१. दौरा आटोपला आणि साओ पावलोत मैदानात कार्यक्रम ठरला, नाव ठेवलं 'एझोर्तासांव सिव्हिका', म्हणजे नागरिकांना आवाहन अशा अर्थाचं. विद्यार्थी, शिक्षक, कामगार, सैनिक, सगळे मिळून १२,००० च्या आसपास. लॅटिन अमेरिकेत असं काही आधी झालंच नव्हतं असं तेव्हा सांगितलं गेलं. सामूहिक गायनाची कल्पना मात्र त्याची नव्हे, हे इथे नोंदवायला पाहिजे, कारण त्याच्या भक्तांना वाटतं सगळं त्याच्यापासून सुरू झालं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच 'ऑर्फेऑन' नावाने कामगारांचे आणि शाळांचे कोरस चालायचे, आणि खुद्द साओ पावलो राज्यात त्याच्या आधी झुवांव गोमिस झुनियोर, पिरासिकाबाचा फाबियानो लोझानो ही माणसं शाळांत हे काम वर्षानुवर्षं करत होती, तेही चांगल्या दर्जाचं. त्याने नवीन काय केलं, तर आकडा वाढवला आणि त्याला सरकारी सोहळा केला.

पण आकडा वाढवणं ही कमी कारागिरी नाही बरं का. जरा विचार करा, मैदानाची लांबी १०० मीटर धरली तर एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला जवळपास ०.३ सेकंद लागतात. म्हणजे मागची पोरं पुढच्यांचं ऐकून गायला लागली की लय गेली. त्यामुळे कानावर नाही, डोळ्यावर गायला लावावं लागतं, सगळ्यांनी फक्त वर उंच मचाणावर उभ्या असलेल्या माणसाचे हात बघायचे. शिवाय एवढ्या लोकांना नोटेशन कुठून वाचता येणार. त्यावर उपाय म्हणजे हाताच्या खुणांची सरगम, ब्राझीलमध्ये तिला 'मानोसोल्फा' म्हणतात, हाताची आणि बोटांची ठेवण बदलली की सूर बदलतो, आणि दोन हात दोन वेगळे सूर दाखवत असले की गर्दीचे दोन भाग दोन वेगळ्या सुरावटी गातात. ही कल्पनाही युरोपातली जुनी, पण त्याने ती वापरली बेधडक, पुढे पुढे तर कागद नसतानाच समोरच्या हजारो पोरांकडून हातवाऱ्यांनी चाल उभी करून घ्यायचा. ज्या माणसाला साओ पावलोत एक धड ऑर्केस्ट्रा पोसता येत नव्हता त्याने फुकटात मिळणारं वाद्य शोधून काढलं होतं, माणसांचे गळे. भाडं नाही, वादकांचा पगार नाही, आयात नाही. मंदीच्या वर्षात ह्याहून व्यवहारी गोष्ट काय असणार?

फुकट मात्र नव्हतं, कारण १२,००० माणसं एका दुपारी एका जागी कोणीतरी आणावी लागतात. शाळांना हुकूम जावा लागतो, बराकींना हुकूम जावा लागतो, रेल्वे लागते. हे करू शकतं फक्त सरकार. एकदा ह्या वाद्याची चटक लागली की मग सरकारशिवाय तुम्ही मुके. पुढची पंधरा वर्षं तो ह्या गणितात अडकला, आणि वार्गासच्या वाढदिवसाच्या नि राष्ट्रीय दिनाच्या मैदानांतले ते फोटो, ज्यांच्यावरून आजही त्याला बोलणी बसतात, त्या सगळ्यांची सुरुवात ह्या मे महिन्यातली आहे.

हे चालू असताना टेबलावर काय होतं, तर 'बाखियानास ब्राझिलैरास'. जुना जर्मन संगीतकार बाख आणि ब्राझील एकत्र करून केलेलं नाव. एकूण नऊ झाल्या, १९३० ते १९४५, पण पहिल्या दोन ह्याच काळातल्या. पहिली फक्त चेलोंच्या ऑर्केस्ट्रासाठी, निदान आठ चेलो, नामवंत चेलोवादक पाब्लो कासाल्सला अर्पण. प्रत्येक भागाला दोन नावं, एक बाखच्या घरचं आणि एक गल्लीतलं, 'प्रेल्युड' आणि खाली 'मोदिन्या', म्हणजे ब्राझीलचं जुनं भावगीत, 'फ्यूग' आणि खाली 'कोन्व्हेर्सा', म्हणजे गप्पा, जणू चार शोरोवाले एकमेकांना उत्तरं देतायत. पॅरिसमध्ये तो जंगल विकत होता. इथे परत आल्यावर, परदेशी पब्लिकच नसताना, तो घरच्या आठवणींकडे वळला, हे मला फार बोलकं वाटतं. माझ्या कानाला शोरोस नं. १० जास्त थोर आहे, पण बाखियानासमध्ये दिखावा कमी आहे.

आणि दुसऱ्या बाखियानासचा शेवटचा भाग, 'ओ त्रेनझिन्यो दो काइपिरा', खेडवळ माणसाची छोटी आगगाडी. आधी धापा टाकत सुटते, चाकं पकड घेतात, खुळखुळे वाजतात, रेको-रेको हे खाचांचं वाद्य घासतात, वर एक अशी चाल निघते की जी ब्राझीलमध्ये लहान पोरालाही येते, आणि शेवटी ब्रेक लागून वाफ सोडत थांबते. सोझा लिमाने सांगितलेली आठवण अशी की दौऱ्यात गाडीच्या डब्यातच व्हिला-लोबोसने हे चेलो-पियानोसाठी लिहिलं आणि त्याच रात्री दोघांनी वाजवलं. अडचण एवढीच की स्वरलिपीवर साल आहे १९३० आणि दौरा १९३१ चा. आता ह्या माणसाच्या तारखा म्हणजे विनोदच, स्वतःच्या कामांवर मागच्या तारखा टाकायची खोड त्याला होतीच, त्यामुळे संशोधक त्याच्या सालांवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत. मला स्वतःला सोझा लिमाचं म्हणणं पटतं. ती गाडी पॅरिसमध्ये बसून किंवा साओ पावलोच्या हॉटेलात बसून सुचलेली वाटत नाही, त्यात पियानो चढवलेल्या डब्याचा खडखडाट आहे.

पुढचं पटकन. एप्रिल १९३१ मध्ये नव्या केंद्र सरकारच्या शिक्षण सुधारणेत सामूहिक गायन माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात आलं. जुलै १९३१ मध्ये झुवांव आल्बेर्तुने साओ पावलो सोडलं, तिथल्या लोकांनी त्याला टिकूच दिलं नाही, म्हणजे व्हिला-लोबोसचा दुसरा आश्रयदाताही वर्षाच्या आत गेला. १९३२ मध्ये रिओला तिथल्या शिक्षण खात्याचा प्रमुख आनिझियो तेशेराने त्याला शाळांच्या संगीत विभागाचा प्रमुख केलं. ४५ व्या वर्षी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार.

सप्टेंबर १९३२ मध्ये रिओला कंडक्टर वाल्टर बुर्ले मार्क्सने पहिल्या बाखियानासचे दोन भाग पहिल्यांदा सादर केले. त्या वेळी साओ पावलो राज्य वार्गासविरुद्ध बंड करून उठलं होतं, जुलैपासून लढाई चालू होती, आणि दीड वर्षापूर्वी ज्या लाइनींवरून पियानो, चेलो आणि तारा लावणारा माणूस गावोगाव फिरले त्याच लाइनींवरून आता सैनिक जात होते.